महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र : आल्बुकर्कीच्या एका पहाटेसाठी

प्रति,
डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन, डेन्व्हर, फिनिक्स आणि आसपासच्या शहरांतील महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी व कार्यकारिणी सदस्य

विषय : आल्बुकर्की येथील बलून महोत्सवासाठी कुटुंबांची सामूहिक सहल आयोजित करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून दिवाळीच्या फराळापर्यंत आपण वर्षभर जे कार्यक्रम करता, त्यांमागचे कष्ट मी मंडळाची जुनी सभासद या नात्याने जवळून पाहिले आहेत, आणि त्यांतला एकही कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही. या पत्रातून मी एकच मागणी करीत आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात उष्ण हवेच्या बलूनचा जो महोत्सव भरतो, त्यातील एक पहाट मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत यावी, आणि आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना घेऊन मंडळांनी तिथे एकत्र जावे.

हा महोत्सव १९७२ साली एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंगच्या जागेत अवघ्या तेरा बलूनांनिशी सुरू झाला. निमित्त होते स्थानिक रेडिओ केंद्राच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे. पुढच्याच वर्षी बलूनची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात झाली, आणि २००० साली इथे नोंदलेल्या बलूनांची संख्या एक हजाराच्या पुढे गेली होती. आता ती मर्यादित ठेवली जाते, तरीही पाचशेहून अधिक बलून जमतात आणि जगात इतके बलून एका ठिकाणी दुसरीकडे कुठेही जमत नाहीत. आपल्यापैकी अनेक जण इथून साडेसहा-सात तासांच्या अंतरावर, डेन्व्हर किंवा फिनिक्समध्ये राहतात, ग्रँड कॅन्यनला पाहुण्यांना घेऊन पुन्हा पुन्हा जातात, आणि आल्बुकर्कीला मात्र केवळ पेट्रोल भरण्यापुरते थांबतात. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

तारखांचा विचार केला तर ही सहल मंडळांच्या सोयीची आहे. २०२६ साली महोत्सव ३ ते ११ ऑक्टोबर असा आहे. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला होऊन गेलेली असेल आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे, म्हणजे हा जवळजवळ सगळा काळ पितृपक्षाचा आहे. या दिवसांत मंडळे सहसा मोठा समारंभ ठेवत नाहीत आणि गणेशोत्सवात राबलेले स्वयंसेवकही थोडे मोकळे असतात. सहल हे काही मंगलकार्य नव्हे, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांचीही त्याला हरकत असणार नाही. शिवाय उन्हाळ्यात भारतातून आलेले कित्येक आई-वडील परतीच्या आधी नेमके या सुमारास इथे असतात, आणि चार-पाच महिने उपनगरातल्या घरात काढल्यानंतर त्यांना कुठेतरी न्यावे, असे प्रत्येक घरात बोलले जात असते.

ती पहाट कशी असते, हे मी थोडे विस्ताराने सांगते, कारण छायाचित्रांत दिसतात ते केवळ आकाशातले रंगीत ठिपके, आणि मला महत्त्वाचे वाटते ते जमिनीवर घडणारे सारे. पहाटे पाचच्या सुमारास, पूर्ण अंधारात, माणसे मैदानात शिरू लागतात. सहाच्या आसपास दहा-बारा बलून सर्वांच्या आधी वर जातात. या तुकडीला 'डॉन पॅट्रोल' म्हणतात आणि ती प्रथा १९७८ पासून चालत आली आहे. अंधारात उडण्यासाठी त्यांच्यावर दिवे बसवलेले असतात, आणि बर्नर पेटला की सगळा बलून आतून उजळून आकाशकंदिलासारखा दिसतो. हे दृश्य देखणे असले तरी त्यामागे काम आहे : कोणत्या उंचीवर वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहतो आहे, हे खाली थांबलेल्या शेकडो पायलटांना या पहिल्या बलूनांच्या हालचालींवरून कळते. त्यानंतर मैदानावर हिरवे निशाण चढले तर उड्डाण, पिवळे असेल तर प्रतीक्षा, आणि तांबडे असेल तर त्या दिवशी उड्डाण रद्द.

हिरवे निशाण चढल्यावर जे सुरू होते ते पाहताना कुठे बघावे तेच सुचत नाही. गवतावर कापडाचे प्रचंड पट्टे उलगडले जातात, वेताची टोपली आडवी केली जाते, मोठ्या पंख्याने आधी गार हवा आत भरली जाते, आणि कापड पुरेसे फुगले की पायलट प्रोपेनच्या बर्नरची ज्योत आत सोडतो. हवा तापते तशी हलकी होते आणि सहा-सात मजली इमारतीएवढा तो फुगा हळूहळू उभा राहतो. उड्डाणाची परवानगी देणारे निरीक्षक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोशाखात वावरतात, म्हणून त्यांना सगळे 'झेब्रा' म्हणतात. गर्दी बाजूला करून, वर आकाश मोकळे आहे याची खात्री करून ते शिट्टी वाजवतात आणि बलून सुटतो. सात वाजता पहिला बलून अमेरिकेचा ध्वज घेऊन राष्ट्रगीताच्या सुरांवर वर जातो आणि त्याच्यामागे दोन तुकड्यांत बाकीचे निघतात. पुढचे दीड-दोन तास आकाशाचा कोणताही कोपरा रिकामा राहत नाही.

या महोत्सवाची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे इथे प्रेक्षकांना कुंपणापलीकडे उभे करीत नाहीत. तिकीट काढून आलेला प्रत्येक माणूस थेट उड्डाणाच्या मैदानात, बलूनांच्या मधून हिंडतो. बर्नरची धग चेहऱ्याला लागते, पायलटशी बोलता येते, दोरी धरलेल्या माणसांच्या शेजारी उभे राहता येते. आम्ही गेलो तेव्हा माझे वडील, जे आयुष्यभर एस.टी.च्या कार्यशाळेत इंजिने दुरुस्त करीत होते आणि अमेरिकेत आल्यापासून भाषेच्या संकोचाने घराबाहेर फारसे बोलत नव्हते, एका बर्नरपाशी जाऊन थांबले. त्यांनी हाताने नळीकडे बोट दाखवले, पायलटने झडप उघडून दाखवली, मग वडिलांनी टाकीकडे बोट दाखवले, आणि त्या दोघांचे बोलणे बराच वेळ असेच चालले. माझी मुलगी तोवर पायलटांकडून त्यांच्या बलूनची छापील कार्डे गोळा करीत होती. तिथे बहुतेक पायलट मुलांना देण्यासाठी अशी कार्डे जवळ ठेवतात, आणि मुले ती अतिशय गांभीर्याने जमवतात. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत ज्येष्ठ पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि मुले मागे फोनवर असतात. इथे आजोबा आणि नात दोघेही आपापल्या कामात होते आणि आम्ही मधली पिढी त्यांच्या मागे धावत होतो. मंडळाने हे घडवून आणावे असे मला का वाटते, ते यावरून आपल्या लक्षात येईल.

बलून पहाटेच का उडतात, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की तिथून गरम हवेचे झोत उठतात आणि वारा बेभरवशाचा होतो. बलूनला सुकाणू नसते, पायलटच्या हातात फक्त वर जाणे आणि खाली येणे एवढेच असते. पहाटे मात्र हवा स्थिर असते, आणि आल्बुकर्कीत तर भूगोलाने आणखी एक देणगी दिली आहे. रात्री गार झालेली जड हवा रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातून उतरत जमिनीलगत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, आणि काही शे फूट वर वारा बरोबर उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. पायलट खालच्या वाऱ्यावर दक्षिणेकडे जातो, उंची वाढवतो, वरच्या वाऱ्यावर परत येतो, आणि हवामानाने साथ दिली तर जिथून निघाला त्याच्या जवळच उतरतो. याला तिथले लोक 'आल्बुकर्की बॉक्स' म्हणतात. पूर्वेकडच्या सांडिया पर्वताची भिंत आणि ऑक्टोबरची कोरडी, थंड हवा यांमुळे ही स्थिती इथे वारंवार जुळून येते. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात दरीतले वारे वाचलेल्या मुलांना ते डोळ्यांनी पाहता येतात, असा प्रसंग मला दुसरा माहीत नाही. बलून म्हणजे वाऱ्याने स्वतःची दिशा दाखवण्यासाठी केलेली खूणच आहे, आणि इथे अशा शेकडो खुणा वेगवेगळ्या उंचीवर एकाच वेळी समोर असतात.

मंडळाने ही सहल बलून पाहण्यासाठी काढावी, बसण्यासाठी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. बसण्याची सोय तिथे आहे, परवानाधारक कंपन्या आहेत, आणि ज्यांना हौस आहे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर जरूर जावे. पण ते भाडे चौकोनी कुटुंबाला जड जाणारे असते, लहान मुलांना आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना टोपलीत उभे राहणे, उतरताना बसणारा धक्का सोसणे कठीण असते, आणि धोका पूर्णपणे टळलेला नसतो. जून २०२१ मध्ये याच शहरात एक बलून विजेच्या तारांना लागून कोसळला आणि पाच जणांचा जीव गेला. महोत्सवाच्या काळातला तो अपघात नव्हता, तरीही सामूहिक सहलीची जबाबदारी घेणाऱ्यांनी तो विसरून चालणार नाही. सुदैवाने पाहण्यातला आनंद बसण्यापेक्षा उणा नाही. टोपलीतल्या माणसाला आपला बलून दिसतच नाही, मैदानावरच्या माणसाला मात्र पाचशे दिसतात.

आता तयारीविषयी लिहिते, कारण एकेकट्या कुटुंबाला जे जड जाते तेच मंडळाला सहज जमते. पहिली गोष्ट उंचीची. आल्बुकर्की समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या उंचीवर आहे. ह्यूस्टनसारख्या समुद्रकाठच्या शहरातून थेट तिथे गेलेल्या ज्येष्ठांना पहिल्या दिवशी धाप लागू शकते, म्हणून निदान एक दिवस आधी पोहोचावे, पाणी भरपूर प्यावे आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. दुसरी गोष्ट थंडीची. पहाटे तापमान पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असते, सांडिया पर्वतामागून ऊन मैदानावर यायला वेळ लागतो, आणि दहा वाजेपर्यंत स्वेटर नकोसा होतो. भारतातून आलेल्या मंडळींकडे अशी थंडी झेलणारे कपडे नसतात, तेव्हा सभासदांच्या घरातील जास्तीची जाकिटे, कानटोप्या आणि हातमोजे आधीच गोळा करून ठेवावेत. आमच्या शेजारी एक आजी पातळ शालीत कुडकुडत होत्या आणि त्यांचे सारे लक्ष बलूनांऐवजी सूर्याच्या वाटेकडे होते. त्यांना बघून वाटलेली हळहळ अजून जात नाही.

तिसरी गोष्ट वाहनांची, आणि इथे मंडळाचे नियोजन सर्वांत उपयोगी पडेल. मैदानाकडे जाणारे रस्ते पहाटे चारपासूनच तुंबतात. स्वतःच्या गाडीने निघालेली अनेक कुटुंबे मैदान समोर दिसत असताना रांगेत अडकतात आणि 'डॉन पॅट्रोल' गाडीच्या काचेतून बघतात. शहराच्या वेगवेगळ्या भागांतील वाहनतळांवरून महोत्सवाच्या बस सुटतात, त्यांची तिकिटे आगाऊ काढावी लागतात, आणि पहिल्याच बसने जाणे हाच खरा मार्ग आहे. मंडळाने स्वतःची बस केली तर फारच उत्तम, फक्त तिच्या पार्किंगची नोंदणी वेळेत व्हावी. मैदान प्रचंड असल्याने चालणे पुष्कळ होते, आणि गवत पहाटे दवाने ओले असते. ज्यांना चालणे जमत नाही अशांसाठी चाकाची खुर्ची आणि घडीच्या खुर्च्या बरोबर असाव्यात. प्रत्येक चार-पाच कुटुंबांमागे एक स्वयंसेवक नेमावा, भेटण्याची जागा ठरवून ठेवावी, आणि ज्येष्ठांच्या खिशात मुलाचा किंवा मुलीचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. एवढ्या गर्दीत फोनचे नेटवर्क अनेकदा साथ देत नाही.

खाण्यापिण्याची काळजी करू नये. मैदानावर गरम कॉफी, कोको आणि न्यू मेक्सिकोची ओळख असलेले बरीटो मिळतात, आणि त्यांत भाजलेली हिरवी मिरची असते. मिरची हिरवी हवी की लाल, हा तिथे ग्राहकाला विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न आहे. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला यात परके काही वाटणार नाही. शाकाहारी मंडळींनी आतले सारण विचारून घ्यावे, किंवा घरून दशम्या आणि चटणी न्यावी.

निवासाचे आरक्षण ही एकच बाब अशी आहे की जिला उशीर चालत नाही. महोत्सवाच्या काळात शहरातील हॉटेले कित्येक महिने आधी भरतात आणि उरलेल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. एका कुटुंबाने शोधाशोध केल्यास हे न परवडणारे ठरते, पण मंडळाने लवकर पंचवीस-तीस खोल्या एकदम ठरवल्या तर दर वाजवी मिळतो. पहाटेच्या सत्राचे प्रवेशशुल्क मात्र आवाक्यातले आहे आणि लहान मुलांना तिकीट पडत नाही.

बलून दहा-साडेदहापर्यंत उतरून जातात, तेव्हा उरलेल्या वेळेसाठी मैदानालगतचे बलून संग्रहालय योजावे. २००५ साली उघडलेल्या या संग्रहालयाला मॅक्सी अँडरसन आणि बेन अब्रुझो या आल्बुकर्कीच्याच दोघांची नावे आहेत. लॅरी न्यूमन या सहकाऱ्यासह त्यांनी ऑगस्ट १९७८ मध्ये 'डबल ईगल २' या हेलियमच्या बलूनमधून अटलांटिक महासागर प्रथमच पार केला. मेन राज्यातून निघून ते फ्रान्समधील एका शेतात उतरले. या अँडरसन यांनी १९८१ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेचा प्रयत्न इजिप्तमधील लक्सरहून सुरू केला आणि तो भारताच्या भूमीवर संपला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. त्याहून सांगण्यासारखे हे की उष्ण हवेच्या बलूनने गाठलेल्या सर्वाधिक उंचीचा विक्रम महाराष्ट्राच्या आकाशात झाला. २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया मुंबईतून उडाले, २१,०२७ मीटर उंचीवर पोहोचले आणि पांचाळे येथे उतरले. तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. या वयाची माणसे आपल्या घरी 'आता आम्हाला कुठे नेता' असे म्हणतात, त्यांना ही हकीकत संग्रहालयाच्या दारातच सांगावी.

आपल्याकडून एक रास्त आक्षेप येईल, त्याचा विचार मी केला आहे. इतक्या दूर जाऊन उड्डाण रद्द झाले तर काय? असे घडते. जमिनीलगत वारा ताशी साधारण अठरा किलोमीटरच्या पुढे गेला, पाऊस आला किंवा धुके आले, तर तांबडे निशाण चढते आणि त्याविरुद्ध दाद नसते. यावर उपाय म्हणजे एका पहाटेवर सगळी भिस्त न ठेवता शुक्रवार आणि शनिवार अशा लागोपाठच्या दोन पहाटा धराव्यात. गुरुवारी आणि शुक्रवारी प्राणी, घरे, पात्रे अशा विशेष आकारांचे बलून असतात, ते मुलांना फार आवडतात, आणि शनिवारी सर्वांचे एकत्रित उड्डाण असते. नोंदणीच्या अर्जावरच 'उड्डाण हवामानावर अवलंबून आहे, रद्द झाल्यास पैसे परत मिळणार नाहीत' असे मराठीत, ठळक अक्षरांत छापावे. लोक समजूतदार असतात, त्यांना आधी सांगितले म्हणजे झाले. मुलांनाही निर्णयाचे कारण समजावून सांगावे : माणसे जमली, पैसे भरले गेले, तरी वारा योग्य नाही म्हणून अनुभवी पायलट खाली थांबतो, हे त्यांनी पाहिले तर त्यात गमावण्यासारखे काही नाही.

दुसरा आक्षेप असा की ही सहल एखाद्या मंडळाला एकट्याने झेपणार नाही. म्हणूनच हे पत्र मी अनेक मंडळांना एकत्र लिहिले आहे. टेक्सासची मंडळे एक बस आणि कोलोरॅडो-अॅरिझोनाची मंडळे दुसरी, अशी विभागणी करून मैदानावर एकत्र जमता येईल. तिथे ना व्यासपीठ लागते, ना ध्वनिक्षेपक, ना सूत्रसंचालन. एकमेकांना न ओळखणाऱ्या शहरांतील मराठी कुटुंबे एका मैदानावर, हातात कॉफीचे पेले घेऊन, वर पाहत उभी राहतील आणि ओळखी आपोआप होतील.

तरी माझी विनंती अशी की येत्या कार्यकारिणी बैठकीत हा विषय घ्यावा, प्रत्येक मंडळाने एक प्रतिनिधी नेमून पंधरा दिवसांत संयुक्त समिती करावी, आणि किती कुटुंबे येऊ इच्छितात याची प्राथमिक नोंद मागवून निवासाचे आरक्षण सर्वांत आधी करावे. आर्थिक अडचण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी काही जागा मंडळाच्या निधीतून सवलतीत ठेवता आल्या, तर मला विशेष आनंद होईल. नोंदणीची यादी ठेवणे, गरम कपडे गोळा करणे आणि ज्येष्ठांच्या गटाची जबाबदारी घेणे ही तीन कामे मी स्वतः करायला तयार आहे. आपला निर्णय काहीही झाला तरी तो सभासदांना लेखी कळवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मंडळाची एक आजीव सभासद